यंत्राने रचलेला पॉडकास्ट: सात महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबाच्या कामासाठी मी रोज रिक्षाने जातो आणि जाण्यायेण्यात तासभर सहज मोडतो. तो वेळ कारणी लागावा म्हणून सात महिन्यांपूर्वी, कृत्रिम बुद्धिमत्तेने पॉडकास्ट तयार करून देणाऱ्या एका अ‍ॅपची वर्गणी भरली. गूगलच्या नोटबुकएलएमने सप्टेंबर 2024 मध्ये, आपण दिलेल्या कागदपत्रांवरून दोन आवाजांचा संवाद रचण्याची सोय आणली आणि पुढे तशी अनेक अ‍ॅप निघाली. माझे त्यांपैकीच एक. पीडीएफ चढवली की यंत्र आधी संवादाची संहिता लिहिते आणि मग एक स्त्री व एक पुरुष असे दोन आवाज ती बोलून दाखवतात.

जीएसटीच्या परिपत्रकांसाठी त्याचा चांगला उपयोग झाला. चाळीस पानांचा मजकूर बारा मिनिटांत कानावरून गेला की कार्यालयात पोहोचल्यावर नेमके कोणते पान उघडायचे, हे ठाऊक असते.

घोळ झाला तो हातमागावरच्या एका जुन्या लेखाने. लेखात ‘ताणा आणि बाणा’ असा साधा उल्लेख होता, म्हणजे उभे आणि आडवे सूत. यंत्राने ‘बाणा’ म्हणजे विणकराचा स्वाभिमान असा अर्थ लावला आणि दोघे त्या करारी वृत्तीचे तीन मिनिटे भरभरून कौतुक करत राहिले. माझे वडील आयुष्यभर मागावर उभे राहिलेले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, “या बाईनं धोटा कधी हातात धरलेला दिसत नाही.” धोटा म्हणजे आडवे सूत ओवत जाणारे मागाचे अवजार.

हा प्रकार हसण्यावारी नेता आला, पुढचा आला नाही. 1930 च्या सोलापूर मार्शल लॉची टिपणे मी मुलीच्या प्रकल्पासाठी चढवली होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, असे टिपणांत स्पष्ट असताना पॉडकास्टमध्ये ती सोलापुरात दिल्याचे ठामपणे सांगितले गेले, आणि त्यावर पुरुषाचा आवाज उत्साहाने उद्गारला, “अरे वा, किती रंजक!” टॉवेलच्या जीएसएमलाही, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनालाही, तो असाच उद्गारतो. चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला ही चूक लगेच कळते. परगावच्या श्रोत्याला कळणार नाही, कारण ऐकताना वाक्य पुढे सरकून जाते आणि मागचे पान उलटून पाहण्याची सोय उरत नाही.

उच्चारांचेही तेच. ‘चादर’मधला च दोन्ही आवाज ‘चहा’तल्यासारखा न उच्चारता ‘चिंच’मधल्या पहिल्या च-सारखा उच्चारतात, आणि सोलापूरकराच्या कानाला तो खड्यासारखा लागतो.

अमेरिकेतील इन्सेप्शन पॉइंट एआय ही कंपनी आठवड्याला सुमारे 3000 भाग काढते आणि एका भागाला एक डॉलर किंवा त्याहूनही कमी खर्च येतो, अशा बातम्या 2025 मध्ये आल्या होत्या. इतक्या स्वस्तात भाग निघत असतील, तर प्रत्येक भाग प्रसारणापूर्वी कोणी माणूस बसून ऐकत असेल, असे मला वाटत नाही. म्हणून अनोळखी विषयावरचे असे तयार भाग ऐकणे मी सोडून दिले आहे.

वर्गणीचे नूतनीकरण केले नाही. विनामूल्य मर्यादेत महिन्याची परिपत्रके बसतात आणि तेवढ्यासाठी अ‍ॅप फोनवर ठेवले आहे. मुलीचा प्रकल्प मात्र वडिलांनी तिला शेजारी बसवून तोंडी सांगितला.