कोकणातल्या गाडीसाठी जीपीएस: स्वतंत्र यंत्र, मोबाइल की डॅशबोर्डचा पडदा?

गाडीसाठी जीपीएस घेऊ इच्छिणारा माणूस सहसा पडद्याचा आकार आणि किंमत यांपासून चौकशीला सुरुवात करतो. कोकणात चालणाऱ्या गाडीसाठी मात्र दोन प्रश्न त्याआधी सुटले पाहिजेत: नकाशा यंत्राच्या आतच साठवलेला आहे की वाटेत मोबाइल नेटवर्कवरून येणार आहे, आणि ते यंत्र गाडीत नेमके कुठे बसणार आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे फारच कमी लक्ष दिले जाते, असे माझे मत आहे. चांगले यंत्र चुकीच्या जागी बसवले, तर घाटातल्या वळणावर त्याची मदत होण्याऐवजी अडथळाच होतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात आणि किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की गाडीतला रिसीव्हर स्वतःचे स्थान गणिताने काढतो. या कामाला इंटरनेट लागत नाही. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात रेंज गेली तरी आपण कुठे आहोत हे मोबाइललाही कळत असते. फक्त त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर सरकत राहतो. उघडे आकाश मात्र सर्वच प्रकारच्या यंत्रांना लागते. एका बाजूला उभा कडा आणि डोक्यावर दाट झाडी असली की संकेत कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात आणि ठिपका रस्ता सोडून दरीत उतरल्यासारखा दिसतो. कशेडीच्या बोगद्यात तर संकेतच मिळत नाहीत. तिथे कंपनीतून बसून आलेली काही गाड्यांची प्रणाली चाकांच्या वेगावरून अंदाज बांधत पुढे चालते, तर मोबाइल आणि साधे सुटे यंत्र बोगदा संपेपर्यंत अंदाजानेच पुढे सरकतात किंवा थांबून राहतात.

नकाशा कुठून येतो

स्वतंत्र जीपीएस यंत्राची खरी ताकद म्हणजे संपूर्ण देशाचा नकाशा त्याच्या पोटातच असतो. गाडी सुरू केली की ते सुरू होते, मध्येच फोन वाजला म्हणून नकाशा झाकला जात नाही, आणि काचेमागच्या उन्हात तासन्‌तास राहायचे आहे हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कितीतरी गावांतली वीज आणि मोबाइल सेवा दिवसेंदिवस बंद होती. मदत घेऊन येणाऱ्या बाहेरगावच्या चालकाला अशा वेळी साठवलेल्या नकाशाचाच आधार असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराने वेढले, तेव्हा कोणता रस्ता पाण्याखाली आहे आणि कोणता सुरू आहे हे कोणत्याही साठवलेल्या नकाशाला कळणे शक्य नव्हते. परशुराम घाटात दरड आली, गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावात वाहनांची रांग लागली, किंवा चौपदरीकरणाच्या कामासाठी वळण रस्ता काढला, तर ती माहिती नेटवर्कवरूनच येते. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, गेली अनेक वर्षे बदलतो आहे; नवे पूल, उड्डाणपूल आणि बाह्यवळणे जुन्या नकाशात नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेले यंत्र तुम्हाला भर रस्त्यावर ‘शेतातून’ चालवते. स्वतंत्र यंत्राचा नकाशा संगणकाला किंवा वाय-फायला जोडून अद्ययावत करावा लागतो आणि हे काम नियमाने करणारे मालक थोडेच असतात. ज्यांना ती शिस्त जमणार नाही, त्यांनी हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

मोबाइलवर दोन्ही गोष्टी साधता येतात, पण आपोआप नाही. गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग निवडून आधी उतरवून ठेवता येतो; मात्र नेटवर्क नसताना त्यावर वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी मार्ग दिसत नाहीत, शिवाय उतरवलेला भाग ठरावीक मुदतीनंतर नव्याने घ्यावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही अ‍ॅप्स पूर्ण नकाशा मोबाइलमध्ये ठेवतात. निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे उतरवून घ्यावेत, आणि घाटावरून उतरणार असाल तर कोल्हापूर व साताऱ्याचा पश्चिम भागही घ्यावा, कारण वाट चुकण्याची शक्यता घाटमाथ्यावरच्या फाट्यांवर अधिक असते.

मोबाइलबाबत कायद्याची बाजूही पाहावी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातील संपर्क उपकरण केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनेच वापरता येते. मोबाइल मांडीवर किंवा दोन आसनांच्या मध्ये ठेवून अधूनमधून उचलून पाहणे यात बसत नाही. म्हणजे मोबाइल वापरायचा असला तरी पक्का होल्डर हा ऐच्छिक खर्च राहत नाही.

तिसरा पर्याय डॅशबोर्डमधल्या पडद्याचा आहे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेला पडदा मोबाइलचाच नकाशा मोठा करून दाखवतो, त्यामुळे नकाशाचे गुणदोष मोबाइलचेच राहतात. सोय मात्र वाढते, कारण मोबाइल सावलीत खाली ठेवता येतो. बाजारातून बसवून घेतलेल्या अँड्रॉइड स्टिरिओमध्ये जीपीएसचा रिसीव्हर वेगळा असतो आणि त्याची छोटी चौकोनी अँटेना वायरने जोडलेली असते. ती डॅशबोर्डच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबली की ठिपका कायम भरकटलेला राहतो. बसवणाऱ्याला ती पुढच्या काचेखाली, आकाशाकडे तोंड करून लावायला सांगावे आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी उघड्यावर उभे राहून खात्री करावी. गाडीची वॉरंटी चालू असेल, तर वायर कापून जोडलेल्या स्टिरिओमुळे तिच्यावर काय परिणाम होतो हेही आधी लेखी विचारून घ्यावे.

जुने किंवा परदेशातून आलेले यंत्र

नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेले यंत्र अनेक घरांत पडून असते. त्यात बहुधा उत्तर अमेरिकेचाच नकाशा भरलेला असतो. भारताचा नकाशा त्या मॉडेलसाठी मिळतो का आणि यंत्राच्या स्मृतीत मावतो का, हे पाहिल्याशिवाय त्यावर खर्च करू नये. जुने यंत्र घेताना पडद्यावरची तारीख जरूर तपासावी. जीपीएस आठवड्यांची मोजणी १,०२४ पर्यंत करून पुन्हा शून्यावर येते. असा फेरा ६ एप्रिल २०१९ रोजी पूर्ण झाला, आणि ज्या यंत्रांचे सॉफ्टवेअर त्यासाठी सुधारलेले नाही ती चुकीची तारीख दाखवू लागली. तारीख चुकली असेल तर त्या यंत्राला उत्पादकाकडून नवे सॉफ्टवेअर मिळते का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

या सर्वांपेक्षा एक पर्याय मला जास्त पटतो. घरातला जुना पण चांगल्या बॅटरीचा अँड्रॉइड मोबाइल सिमकार्डाशिवाय फक्त नकाशासाठी गाडीत ठेवावा, त्यात सगळे नकाशे उतरवावेत, आणि गरज पडली की रोजच्या मोबाइलचे इंटरनेट हॉटस्पॉटवरून द्यावे. सिम नसल्याने सुरुवातीला स्थान सापडायला थोडा अधिक वेळ लागतो, कारण एरवी मोबाइल उपग्रहांच्या स्थितीची माहिती नेटवर्कवरून झटपट घेत असतो. एवढी उणीव सोडली तर स्वतंत्र यंत्राचे बहुतेक फायदे जवळजवळ खर्चाविना मिळतात. रोज पर्यटकांना फिरवणाऱ्या किंवा हंगामात आंब्याच्या पेट्या मुंबईला नेणाऱ्या चालकाला मात्र खरे स्वतंत्र यंत्र परवडते. त्याचा फोन दिवसभर वाजत असतो, आणि उन्हात रोजचे आठ-दहा तास जुना मोबाइल फार काळ सोसत नाही.

यंत्र कोणतेही असो, कोकणात पत्ता भरताना सावध राहावे लागते. मुरूड एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यातले, आणि दुसरे हर्णैजवळचे, दापोली तालुक्यातले. यादीतले पहिले नाव दाबून निघालेला माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात पोहोचतो. तालुका पाहूनच नाव निवडावे, किंवा यजमानांकडून अक्षांश-रेखांश मागून घ्यावेत. आकडे भरताना पद्धत मात्र जुळली पाहिजे. मोबाइल बहुधा दशांश अंश देतो, तर बऱ्याच स्वतंत्र यंत्रांत अंश आणि मिनिटे भरायची असतात. १७.५० अंश म्हणजे १७ अंश ३० मिनिटे. तेच १७ अंश ५० मिनिटे म्हणून भरले, तर गाडी उत्तरेला सुमारे ३७ किलोमीटर भलतीकडे जाते.

खाडीचे काय, हाही प्रश्न येतो. दाभोळहून धोपाव्याला, वेश्वीहून बागमांडल्याला आणि जयगडहून तवसाळला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडी पलीकडे नेता येते आणि त्यामुळे मोठा वळसा वाचतो. यंत्राला शेवटच्या बोटीची वेळ किंवा खवळलेल्या पाण्यामुळे थांबलेली सेवा खात्रीने कळत नाही. संध्याकाळनंतर निघणार असाल तर मार्गाच्या सेटिंगमध्ये फेरी टाळण्याची सूचना आधीच द्यावी, नाहीतर धक्क्यावर पोहोचल्यावर चिपळूणमार्गे मागे फिरण्याची वेळ येते. सर्वांत जवळचा मार्ग हा पर्यायही बंद ठेवावा. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, वाडीत उतरणारी पायऱ्यांची पाखाडी आणि गाडीरस्ता यांतला फरक नकाशाला नेहमीच कळतो असे नाही.

बसवायचे कुठे

उजव्या बाजूला बसणाऱ्या चालकाला काचेचा खालचा उजवा कोपरा सोयीचा वाटतो, आणि सपाट रस्त्यावर तो वाईटही नाही. घाटात मात्र उजवीकडच्या तीव्र वळणावर चालक नेमका त्याच कोपऱ्यातून पुढचा रस्ता पाहत असतो. काचेच्या बाजूचा खांब आधीच दृष्टीआड बराच भाग ठेवतो. त्याला लागून यंत्र लावले, तर समोरून उतरणारी एसटी शेवटच्या क्षणी दिसते. त्या खांबात अनेक गाड्यांची पडदा-एअरबॅगही असते. म्हणून माझा आग्रह डाव्या हाताच्या बाजूला, म्हणजे स्टिअरिंग आणि मधल्या एसीच्या झडपा यांच्या आसपास, आणि यंत्राची वरची कड बॉनेटच्या रेषेखाली राहील इतके खाली बसवण्याचा आहे. प्रवाशापुढचे एअरबॅगचे झाकण पूर्ण मोकळे ठेवावे. एअरबॅग डोळे मिटायच्या आत उघडते आणि तिच्यावरची वस्तू गोळ्यासारखी फेकली जाते. लहान गाडीत सात इंचांचा पडदा रस्ता झाकतो, पाच-सहा इंच पुरेसे आहेत.

काचेवर चिकटणारा सक्शन कप सर्वत्र मिळतो आणि काढणे-लावणे सोपे असते. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत काचेवर चिकट थर साचतो, त्यामुळे काच स्पिरिटने पुसून, कोरडी करूनच कप दाबावा. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे रबर मऊ होते आणि पकड सुटते, म्हणून गाडी उभी करताना यंत्र काढून ठेवणे बरे. काचेवर राहिलेला गोल डागही पुसावा, कारण आत यंत्र ठेवले आहे हे चोराला तो डागच सांगतो. डॅशबोर्डवर चिकटवायची चकती अधिक स्थिर असते, पण खडबडीत पृष्ठभागावर आणि लाल मातीच्या धुळीवर ती टिकत नाही. शिवाय काढताना डॅशबोर्डची कातडी उचलली जाऊ शकते.

एसीच्या झडपेवर अडकवणारा होल्डर उन्हाळ्यात मोबाइलसाठी उत्तम, कारण थंड वारा थेट त्याच्या पाठीवर येतो. अ‍ॅपल आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस एवढेच बाहेरचे तापमान योग्य मानते. चार्ज होत असलेला, उन्हात पडद्याचा उजेड वाढवलेला मोबाइल डॅशबोर्डवर त्यापेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि मग पडदा मंद करतो किंवा बंदच पडतो. पावसाळ्यात हा फायदा उरत नाही, कारण काचेवरचे धुके घालवायला वारा वर सोडावा लागतो. जड मोबाइल आणि खड्ड्यांचा रस्ता यांमुळे झडपेची नाजूक पाती तुटतात, हेही लक्षात घ्यावे. कप ठेवण्याच्या खाचेत बसणारा लांब दांड्याचा होल्डर हलतो आणि नजर फार खाली नेतो, म्हणून घाटासाठी मी तो सुचवणार नाही. चुंबकाच्या होल्डरमुळे उपग्रहांच्या संकेतांना बाधा येत नाही. मात्र मोबाइलमधले होकायंत्र बिघडल्यासारखे वागते आणि उभ्या गाडीत बाण भलत्या दिशेला वळतो. गाडी चालू लागली की तो सुधारतो.

मोटारसायकलच्या हँडलवर महागडा मोबाइल बांधू नये. इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये दिला आहे. कंपन शोषणारा होल्डर किंवा जुना मोबाइल हाच तिथला उपाय आहे.

वायर गिअरच्या आड येणार नाही आणि होल्डरला ओढणार नाही अशी कडेकडेने न्यावी. जुन्या यंत्रांपैकी काही साध्या डेटा केबलने जोडली की ती संगणकाला जोडली आहेत असे समजून नकाशा दाखवणेच थांबवतात, म्हणून त्यांची मूळ चार्जिंग केबलच वापरावी. स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम यांच्या विद्युत गोंधळामुळे रिसीव्हरला संकेत पकडणे जड जाते. ठिपका विनाकारण भटकत असेल तर एकेक उपकरण काढून पाहावे आणि दोषी वस्तू यंत्रापासून हातभर दूर न्यावी. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये बहुधा २४ व्होल्टचा पुरवठा असतो. त्यांच्यासाठी चार्जरवर १२ ते २४ व्होल्ट असे स्पष्ट छापलेले असले पाहिजे. फक्त १२ व्होल्टचा चार्जर तिथे लावला, तर तो जळतो आणि कधी कधी जोडलेले यंत्रही सोबत जाते.