ब्लूबेरीला मायकोरायझा: सात महिने वापरल्यानंतर

सांगोल्याला बाबा डाळिंबाच्या प्रत्येक रोपाला लागवडीच्या वेळी मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, देतात. म्हणून एप्रिलमध्ये इथे न्यू जर्सीत ब्लूबेरीची सहा रोपं कुंड्यांत लावताना मीही पाकीट आणलं. तीन रोपांच्या मुळांना पावडर चोळली, तीन तशीच ठेवली. जून संपत आला तरी काडीचाही फरक नाही. मग पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला: ग्लोमसच्या चार जाती. डाळिंब, मका, कांदा यांना चालणारी बुरशी. ब्लूबेरीशी तिचं जमत नाही. तरी पुढे छापलाय ब्लूबेरीचाच फोटो! याचा मला अजून राग आहे.

ब्लूबेरी हेदर-रोडोडेंड्रॉन या झुडपांच्या कुळातली, आणि त्या कुळाच्या बुरशा वेगळ्या. एका कुंडीतली थोडी मुळं पाण्यात अलगद धुऊन भिंगाखाली धरली. केसापेक्षा बारीक, तपकिरी, आणि मूलरोम एकही नाही. शोषणाचं बरंचसं काम बुरशीच करते: मुळाच्या बाहेरच्या पेशींत वेटोळी घालून बसते आणि पालापाचोळ्यात अडकलेलं नत्र सोडवून झाडाला देते. (वेटोळी भिंगातून दिसत नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.) अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० सालीच या झुडपाला लागणारी आम्ल माती आणि मुळांतली बुरशी यांबद्दल लिहिलं होतं. पुढे इथल्या बागायतदार एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत त्यांनी आमच्याच राज्यात, व्हाइट्सबॉगला, लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ मध्ये विक्रीला काढलं.

जुलैत ओइडिओडेंड्रॉन मायस ही ब्लूबेरीच्या कुळाला चालणारी बुरशी असलेलं दुसरं पाकीट मागवलं आणि त्याच तीन कुंड्यांत दिलं. सहाही कुंड्यांत पाइनच्या सालीचा थर आणि थोडं अमोनियम सल्फेट सारखंच. ऑक्टोबरअखेर बुरशी दिलेल्या दोन झाडांचे नवे फुटवे नऊ-दहा इंचांचे, न दिलेल्यांचे सहा-सात. पानंही जास्त हिरवी. तिसरं मात्र पिवळंच राहिलं. त्याच्या मातीचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) निघाला ६.१, बाकीच्यांचा ४.८च्या आसपास. ती कुंडी सिमेंटच्या कट्ट्याला टेकलेली, पावसाचं पाणी कट्ट्यावरून तिच्यात उतरायचं. तिथे बुरशीने काही केलं नाही. तीन कुंड्यांवरून छातीठोक सांगणार नाही, पण आधी पीएच, मग बुरशी, हा क्रम मी आता सोडणार नाही.

घेणार असाल तर दुकानातच जातीचं नाव वाचा. नुसतं ग्लोमस किंवा त्याच गटातलं रायझोफॅगस लिहिलं असेल तर डाळिंबाला न्या. मी स्वतः दुसरं पाकीटही पुन्हा घेणार नाही. मार्चमध्ये दोन नवी रोपं येतील, त्यांच्या खड्ड्यात जोमदार कुंडीतली मुळांसकट मूठभर माती टाकेन.