क्रोमॅटिनचा प्रतिकृती-संच : बारावीच्या वर्गासाठी

मेळघाटालगतच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात आलेल्या क्रोमॅटिनच्या (पेशीतील डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीच्या) या प्रतिकृती-संचामुळे आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए जवळपास पावणेदोन वेढे कसा घेतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळून समजते. हिस्टोनच्या शेपटांतील लायसिन या अमिनो आम्लावर एक विकर (एन्झाइम) अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट बसवते, त्यामुळे लायसिनचा धनप्रभार नाहीसा होऊन ऋणप्रभारित डीएनएवरील पकड सैल पडते आणि दुसरे विकर तो गट काढून टाकते. ही सारी प्रक्रिया सुट्या टोप्यांनी उत्तम दाखवली आहे. प्रतिकृतीकरणाचा, म्हणजे डीएनएची नक्कल तयार होण्याचा, भाग मात्र तोकडा वाटतो. हेलिकेज हे विकर डीएनएचे दोन धागे वेगळे करते, परंतु पुढे साचणारा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज हे विकर संचात नाहीच, आणि शेतकऱ्यांच्या मुलांनी, ज्यांना दोराचा पीळ ठाऊक असतो, पहिला प्रश्न नेमका तोच विचारला.