खाऊ लागलेला मासाच विकणारे दुकान: सीताबर्डीतील मरीन विभागाचा अनुभव

नागपूरच्या सीताबर्डीतील शोभेच्या माशांच्या या दुकानाच्या मरीन, म्हणजे समुद्री माशांच्या, विभागाला मी पाचपैकी चार तारे देत आहे. त्यातले निम्म्याहून अधिक श्रेय एकाच गोष्टीला जाते: मरीन बेट्टा हा मासा गोठवलेले खाद्य नियमित खाऊ लागल्याशिवाय येथे तो ग्राहकाच्या हाती दिला जात नाही. ज्यांनी हा मासा पाळला आहे त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको. ज्यांचा विचार अजून चालू आहे, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

मरीन बेट्टाला काही जण कॉमेट म्हणतात. शास्त्रीय नाव कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस. गोड्या पाण्यातल्या फायटर माशाशी (बेट्टाशी) त्याचे जवळचे नाते नाही. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून थेट प्रशांत महासागरातल्या टोंगापर्यंत तो आढळतो, पूर्ण वाढल्यावर सुमारे 20 सेंटिमीटर होतो, दिवसभर प्रवाळखडकांच्या कपारीत राहतो आणि अंधार पडू लागला की शिकारीला निघतो. काळसर अंगावर पांढरे बारीक ठिपके असतात आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला फिकट निळसर कड असलेला एक मोठा काळा ठिपका असतो, जो पाहणाऱ्याला डोळाच वाटतो. घाबरला की हा मासा डोके कपारीत खुपसतो आणि पर पसरून मागचा भाग बाहेर ठेवतो. त्या वेळी तो खोटा डोळा आणि परांमधली फट मिळून पांढऱ्या ठिपक्यांच्या मोरे ईल या सापासारख्या लांब माशाचे तोंडच बाहेर आल्याचा भास होतो. मत्स्यशास्त्रज्ञ जॉन मॅकॉस्कर यांनी 1977 साली या साम्याबद्दल लिहिले. असा कपारीत निश्चल राहिलेला मासा दुकानात पाहिला की तो आजारी आहे असे नवख्या ग्राहकाला वाटते, आणि घाईत असलेला दुकानदारही तो गैरसमज दूर करत नाही. या दुकानात मात्र मासा दाखवण्याआधीच त्याची ही सवय समजावून सांगतात.

मासा लाजाळू असला तरी तो शिकारी आहे, ही दुसरी गोष्टही येथे आडपडदा न ठेवता सांगितली जाते. त्याचे तोंड वाटते त्यापेक्षा बरेच मोठे उघडते. लहान गोबी, छोटे डॅमसेल, शोभेचे बारीक झिंगे हे सगळे त्याच्या लेखी खाद्यच आहे. प्रवाळाला तो तोंड लावत नाही, म्हणून रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या समुद्री टाकीत, त्याला ठेवता येते. पण त्याच टँकमध्ये कौतुकाने आणलेले क्लीनर झिंगे टिकतील अशी आशा ठेवू नये. मी मासा घ्यायला गेलो तेव्हा पैशांचा विषय निघण्याआधी माझ्या टँकमधल्या प्रत्येक माशाची आणि झिंग्याची चौकशी झाली. माझ्यासमोरच आलेल्या एका ग्राहकाच्या टँकमध्ये आक्रमक स्वभावाचा ट्रिगरफिश आहे हे कळल्यावर त्यांना मासा विकायला चक्क नकार देण्यात आला. हातचे गिऱ्हाईक असे परत पाठवणारी दुकाने मी फारशी पाहिलेली नाहीत.

आता खाण्याच्या चाचणीबद्दल. दुकान बंद होण्याच्या सुमारास मागच्या खोलीतल्या क्वारंटाइन टँकचे (नवे मासे वेगळे ठेवण्याच्या टाकीचे) दिवे मालवतात आणि तांबड्या काचेची टॉर्च लावतात, कारण तांबड्या उजेडाने हा मासा फारसा बुजत नाही. तेथे काम करणारा तरुण लांब नळीच्या ड्रॉपरने वितळवलेले मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव, हेच ते गोठवलेले खाद्य) मासा लपलेल्या पाइपच्या तुकड्याच्या तोंडाशी सोडतो आणि हात बाहेर काढून मागे सरकतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग पाइपच्या तोंडाशी नाक दिसते, नंतर अर्धे अंग, आणि शेवटी सगळे पर पंख्यासारखे पसरून, किंचित एका कुशीवर कललेला तो मासा शेपटी जवळजवळ न हलवता तरंगत पुढे येतो. एका मायसिसवर नजर रोखून तो पाण्यात जागच्या जागी थांबतो, आणि पुढच्या क्षणी तो मायसिस तिथे नसतो. मधली हालचाल डोळ्याला टिपता येत नाही. ही संथपणाची सवयच त्याला घरच्या टँकमध्ये महागात पडते. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) चालू असेल आणि सोबतीला रास जातीचे चपळ मासे असतील, तर हा मासा नेम धरेपर्यंत सगळे खाद्य इतरांनी फस्त केलेले असते आणि तो मालकाच्या नकळत रोज उपाशी राहतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मासा फक्त जिवंत झिंगे घेत होता. "दादा, आज नेऊ नका. मायसिस खायला लागला की मीच फोन करतो," असे त्या तरुणाने सांगितले, आणि ठरल्याप्रमाणे फोन आला. मधल्या काळात आधी जिवंत झिंगे, मग चिमट्यात धरून हलवलेले मेलेले झिंगे, मग मायसिस अशा टप्प्यांनी त्याला वळण लावले गेले. कपारीत राहणारे मासे पकडण्यासाठी काही देशांत सायनाइडचा वापर होत आला आहे आणि अशा रीतीने पकडलेले मासे पुढे खाणे सोडून मरू शकतात. त्यामुळे समोर उभे राहून पाहिलेले दोन-तीन घास हा माशाच्या तब्येतीचा मिळू शकणारा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, असे माझे मत आहे.

गुहा रचण्याच्या बाबतीतही दुकानाची मदत मोलाची ठरली. भारतात सर्व प्रकारचे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि समुद्रपंख्यांनाही (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळांना) हेच संरक्षण आहे. येथे ते विकले जात नाहीत आणि मागणाऱ्याला कारणही स्पष्ट सांगितले जाते. मऊ लेदर प्रवाळ, मशरूम प्रवाळ आणि सिरॅमिकचे कृत्रिम खडक यांवरच येथल्या रीफ टँक उभ्या आहेत, आणि मरीन बेट्टाच्या दृष्टीने सिरॅमिक अधिक सोयीचे ठरते, कारण हव्या त्या आकाराची आरपार गुहा त्यात करता येते. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल आणि आत मासा पूर्ण वळू शकेल, अशी गुहा त्यांनी मला सुचवली. गुहा नसेल तर मासा पंपामागे किंवा ओव्हरफ्लोच्या (पाणी ओसंडून बाहेर जाते त्या कप्प्याच्या) कोपऱ्यात जाऊन बसतो; गुहा मिळाली, तर हाच लाजाळू मासा काही आठवड्यांनी संध्याकाळी आपणहून बाहेर दिसू लागतो.

नागपुरात राहून समुद्री मासे पाळायचे म्हणजे उन्हाळ्याशी सामना आलाच. रीफ टँकचे पाणी 25 अंशांच्या आसपास राहायला हवे आणि आपल्या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. 2013 च्या मे महिन्यात तो 47.9 अंशांवर गेला होता. पाणी तापले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. नुसत्या पंख्यांवर काही शहरांत भागते, येथे भागत नाही. आपल्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी थोडे थंड होते हे खरे, पण बाष्पीभवन इतके होते की रोज आरओचे पाणी भरले नाही तर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.025 वरून भराभर वर चढते. दुकानाने मला चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेण्याचा सल्ला दिला आणि तो टँकच्याच खोलीत कोंडून न ठेवता त्याची गरम हवा बाहेर जाईल अशा जागी बसवून दिला. वीज गेल्यावर सर्वांत आधी काय चालू राहिले पाहिजे या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठाम होते: पाणी हलते ठेवणारा एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर हवाच, दिव्यांचे नंतर पाहता येते. हा सल्ला मला अगदी योग्य वाटतो.

पाचवा तारा मी गोठवलेल्या खाद्यामुळे राखून ठेवला आहे. एप्रिलमध्ये येथून नेलेल्या मायसिसच्या पाकिटात चौकोनी वड्यांच्या कडा विरघळून गोल झालेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात तपकिरी पाण्याचा थर गोठलेला होता. म्हणजे वाटेत किंवा दुकानात ते एकदा वितळून पुन्हा गोठले होते. असे खाद्य कुजू लागलेले असू शकते आणि टँकमध्ये टाकले की पाण्यातले, शेवाळाला पोसणारे फॉस्फेट वाढवते. तक्रार केल्यावर पाकीट बदलून मिळाले, परंतु ते ग्राहकाने पाहून सांगावे लागू नये. जो मासा इतक्या कष्टाने मायसिसला लावला, त्याच्यासाठी विकल्या जाणाऱ्या मायसिसबाबत ही ढिलाई मला खटकली. याशिवाय मासा कोणत्या समुद्रातून आला हे बिलावर लिहून मिळत नाही. तोंडी सांगतात, पण लेखी मिळायला हवे.

माशाची किंमत क्लाउनफिशच्या जोडीपेक्षा बरीच जास्त आहे. त्यात चाचणीचे दिवस आणि खाद्य धरलेले असल्यामुळे ती मला अवास्तव वाटली नाही. टँक 200 लिटरहून लहान असेल तर येथे येऊन उपयोग नाही, ते देणार नाहीत. उन्हाळ्यात मासे फक्त दिवस मावळल्यावर, थर्माकोलच्या पेटीतून घरपोच दिले जातात आणि त्याआधी टँकच्या तापमानाचा फोटो पाठवावा लागतो. त्यामुळे जाण्यापूर्वी चिलर बसवून, थर्मामीटर लावून आणि फ्रीझरमध्ये खाद्य भरून मगच बोलणी सुरू करावीत.