कावेरी 2.0 वरून शहापुरातलं घर घेतलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बेळगावच्या शहापुरातलं घर आमच्या नावावर होऊन आता आठ महिने झाले. कावेरी 2.0 या कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या पोर्टलवर मी लॉगिन केलं ते त्याच्याही चार महिने आधी, ईसी काढायला, म्हणजे मिळकतीवर कोणते व्यवहार नोंदलेत त्याचा दाखला. तेव्हापासून नात्यातल्या आणि गल्लीतल्या चार-पाच जणांच्या शेजारी बसून त्यांचीही कामं करून दिली. प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

आधी पोर्टलबद्दल. मला ते खरंच आवडलं. घरी बसून दोन्ही बाजूंची आणि मिळकतीची माहिती भरायची, दस्ताचा मसुदा अपलोड करायचा. सब रजिस्ट्रार ऑफिसात तो तपासतात, मग ऑनलाइन पैसे भरायचे आणि वेळ घ्यायची. ऑफिसात जायचं ते फोटो, अंगठा आणि सहीपुरतं. आम्ही सकाळी गेलो आणि जेवायच्या वेळेला घरी होतो. माझ्या वडिलांनी 1988 ला प्लॉट घेतला तेव्हा तीन दिवस बाकड्यावर काढले होते. सप्टेंबर 2024 पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही सब रजिस्ट्रार ऑफिसात दस्त नोंदवता येतो, ही सोयसुद्धा मोठी आहे. आपला जिल्हा अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलाय.

पण या पोर्टलचं काम कुठं संपतं, तेही नीट समजून घ्या. दस्त नोंदवला गेला याची ते खात्री देतं. विकणाऱ्याला ते घर विकायचा पूर्ण हक्क होता का, हे तपासणं ज्याचं त्याच्याकडं राहतं. सब रजिस्ट्रार मालकीची शहानिशा करत नाहीत, ते त्यांचं कामही नाही.

ईसीचंच घ्या. आमच्या घराची ईसी आली ती फॉर्म 16 वर, म्हणजे त्या मुदतीत एकही व्यवहार नोंदलेला नाही. एजंट म्हणाला, "बघा, एकदम क्लिअर आहे." मीही खूश झालो. नंतर वकिलांनी समजावलं की ऑनलाइन ईसी 2004 पासूनच्या नोंदींची निघते, त्याआधीचं ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरमधून मागवावं लागतं. शिवाय ईसीत फक्त नोंदवलेले दस्त दिसतात. बाँडवर केलेला सौदा, तोंडी वाटणी, कोर्टात चाललेला दावा यातलं काहीही तिथं दिसेलच असं नाही. व्यवहार असले तर फॉर्म 15 येतो, आणि माझ्या मते तो जास्त बोलका. कर्ज कधी काढलं, कधी फिटलं, वाटणी कधी झाली, सगळं ओळीनं दिसतं.

मग मूळ दस्त मागितला. विकणाऱ्या काकांनी ट्रंकेतून काढून दिला. 1946 चा, मोडीत लिहिलेला, वर सांगली संस्थानचा स्टँप. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, हे ऐकून माहीत होतं, पण स्वतःच्या व्यवहारात ते असं हातात येईल असं वाटलं नव्हतं. घडीवर कागद फाटायला आलेला. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी दोन संध्याकाळी बसून तो वाचून दिला. त्यात एक ओळ होती: परड्यातल्या आडाचं पाणी दक्षिणेच्या शेजाऱ्यानंही भरायचं, आणि त्यासाठी बोळातून ये-जा करायची. ही ओळ ना ईसीत, ना सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, ना नव्या मसुद्यात. आम्ही शेजारी जाऊन विचारलं. तिथल्या आजी म्हणाल्या, "आता नळ आलाय बाबा, पाणी कोण भरतंय? पण आड तेवढा बुजवू नका." आम्ही ती ओळ नव्या खरेदीपत्रात जशीच्या तशी घातली. बेळगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत घर घेणाऱ्यांनी असले मोडी दस्त वाचून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बहिणीच्या सहीत. घर काकांच्या वडिलांच्या नावावर, ते वारलेले, मृत्युपत्र नाही. काकांची बहीण गडहिंग्लजला दिलेली. एजंटचं म्हणणं, "तिचं लग्न 1991 ला झालंय, तिची सही कशाला पाहिजे?" हा समज आपल्याकडं घरोघरी आहे, आणि त्याला कारणही आहे. कर्नाटकानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण ज्यांचं लग्न आधीच झालं होतं त्यांना वगळलं होतं. लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद गेला, आणि दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि बापाच्या स्वतःच्या मिळकतीत तर 1956 च्या कायद्यापासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. म्हणजे ताईंची सही हवीच होती.

या सगळ्यात ऑगस्ट 2025 उलटला, आणि 31 ऑगस्टपासून कर्नाटकात नोंदणी फी 1 टक्क्यावरून 2 टक्के झाली. आमचा सौदा 48 लाखांचा. स्टँप ड्युटी 5 टक्के म्हणजे 2,40,000. त्या ड्युटीवर 10 टक्के सेस 24,000 आणि शहरी भागाचा 2 टक्के सरचार्ज 4,800. नोंदणी फी 96,000. एकूण 3,64,800. एक महिना आधी दस्त झाला असता तर 48,000 वाचले असते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ताईंना डावलून 48 लाख अडकवण्यापेक्षा हे परवडलं. ही ड्युटी सौद्याची रक्कम आणि गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेली किंमत, यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळं किंमत कमी दाखवून फार काही साधत नाही. आणि सौदा 50 लाख किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्यानं 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हे विकणारा आपणहून सांगत नाही.

ई-खाता म्हणजे पालिकेकडची मिळकतीची ऑनलाइन नोंद, त्याशिवाय आता शहरातल्या मिळकतीचा दस्त पुढं सरकत नाही. काकांच्या वडिलांच्या नावावर घरफाळा येत होता, म्हणून आधी वारसा, मग दोघा भावंडांच्या नावानं ई-खाता, मग खरेदी. विकणाऱ्यांनी गिऱ्हाईक शोधायच्या आधी हे उरकून ठेवावं. पंचायतीच्या हद्दीत असाल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या मिळकतींच्या पोर्टलवरचा फॉर्म 9 आणि 11 बघा, आणि जमीन एनए (बिगरशेती) आहे का तेही.

संचकाराबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. "संचकार झालाय, पाच लाख दिलेत, घर आमचंच की?" नाही. संचकारपत्र म्हणजे पुढं खरेदी करायचा करार, त्यानं मालकी येत नाही. मालकी येते नोंदवलेल्या खरेदीपत्रानं. शहराच्या कडेला शंभराच्या बाँडवर गुंठा-दोन गुंठे घेऊन घरं बांधलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. कष्टाचे पैसे आहेत ते. वटमुखत्यारावरच्या खरेदीनंही मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलंय.

आता मसुद्याची गोष्ट. दस्त कन्नडात. बाजारात, बसमध्ये आम्ही कन्नड बोलतो, पण दस्तातलं कन्नड वाचायची सवय नाही. दस्तलेखकानं म्हटलं, सगळं बरोबर आहे, सही करा. मी मसुदा घरी आणला. मुलगी नववीत, मराठी शाळेत शिकते, कन्नड विषय आहे. स्वयंपाकघरात पाटावर बसून तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. चतुःसीमेला आली आणि वाचलं, "पूर्वक्के रस्ते." आई कणीक मळत होती, ती तिथंच थांबली. "रस्ता पूर्वेला कसा? त्या घराच्या परड्यात सकाळचं ऊन येतंय, मी बघून आल्ये." सिटी सर्व्हेचा नकाशा काढून बघितला. आईचं बरोबर. पूर्व-पश्चिम उलटी पडली होती. मसुद्यातच दुरुस्ती झाली, एक रुपया लागला नाही. नोंदणीनंतर कळलं असतं तर दुरुस्तीपत्र करायला ताईंना पुन्हा गडहिंग्लजहून बोलवावं लागलं असतं.

तुमच्या घरात कन्नड वाचणारं कोणी नसेल तर शेजारच्या पोराला बसवा, पण प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचून घ्या. नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणं, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, चौरस फूट, चारी बाजू.

खरेदीनंतर लोक सुटलो म्हणतात. आम्हाला त्यानंतर ई-खात्यावर आमचं नाव लागायला अडीच महिने गेले, हेस्कॉमचा विजेचा मीटर त्यानंतर. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव चढायचं अजून बाकी आहे, अर्ज दिलाय, दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारतोय. मोडी दस्त लॅमिनेट न करता कापडात गुंडाळून ठेवलाय, गुरुजींनी लिहून दिलेली वाचनाची प्रत त्याच्याबरोबरच. आडावर जाळी बसवली आहे.