कागल रस्त्यावरचं कारवान केनेल: डोक्याची ठेवण उत्तम, एक नर सोडून
कोल्हापूरजवळच्या या केनेलमधल्या (कुत्र्यांच्या पैदाशीच्या जागेतल्या) कारवान या शिकारी जातीच्या कुत्र्यांची डोकी खरोखर देखणी आहेत. कवटी लांबट, कानांमध्ये बेताची रुंद. स्टॉप, म्हणजे कपाळ आणि मुस्कट यांच्यामधला खळगा, अगदी पुसट, त्यामुळे कपाळाची रेषा नाकापर्यंत जवळजवळ सलग उतरते. मादीचं मुस्कट निमुळतं, तरी जबडा भरीव. ओठ उचलले की वरचे दात खालच्यांना चिकटून किंचित पुढे: पक्की सिझर बाइट. एका नर पिल्लाचा खालचा जबडा मात्र आखूड आहे, खालचे सुळे टाळूला टोचतात. स्वस्तात दिला तरी पैदाशीला नकोच. टोकदार तोंडाच्या हौसेपायी डोळ्यांखालचा भराव गेला की जबडा कमजोर होतो. इथे तो भराव जपलाय. दोन महिन्यांच्या पिल्लाचं तोंड आखूडच दिसतं, म्हणून आईबाप पाहायलाच हवेत. इथे दोन्ही दाखवतात.