लेटरबॉक्सिंग की जिओकॅशिंग? खानापूरच्या रानात दोन्ही करून पाहिल्यावर

रानात डबे शोधायचा नाद लावून घ्यायचा तर लेटरबॉक्सिंगचा की जिओकॅशिंगचा, असं दर हिवाळ्यात बेळगावातलं कुणी ना कुणी मला विचारतं. मी चार वर्षं जिओकॅशिंग केलं आणि आता तीन वर्षं लेटरबॉक्सिंग करतोय. दोन्हीही बहुतेक जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात. दोन्हीत कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा असतो. जिओकॅशिंगमध्ये दिलेल्या अक्षांश-रेखांशावर फोनच्या जीपीएसनं पोचायचं आणि डब्यातल्या वहीत नाव-तारीख टाकायची. लेटरबॉक्सिंगमध्ये शब्दांत लिहिलेल्या खुणांवरून, म्हणजे क्लूवरून, पोचायचं, डब्यातला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा.

जिओकॅशिंगची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकेनं मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकानं पहिला डबा लपवला. त्याआधी ही चूक शंभर मीटरपर्यंत जायची, त्यामुळं असा खेळ सुचणंच कठीण होतं. आज खिशातला साधा फोनसुद्धा मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत नेऊन सोडतो. राजहंसगडाच्या माळावर आम्ही सरावासाठी ठेवलेला डबा नवख्या पोरांनी दहा मिनिटांत काढला होता. जांबोटीच्या पुढं रेंज जाते ही तक्रार मात्र मला पटत नाही. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. शिवाय आमच्या ग्रुपात निम्मी मंडळी कन्नड बोलणारी आहेत. अक्षांश-रेखांश दिले की भाषांतराचा प्रश्नच येत नाही.

मग मी ते का सोडलं? एकाच गोष्टीमुळं, आणि ती गोष्ट आपल्या रानातच जास्त जाणवते.

चोर्ल्याच्या अलीकडं एका मालकी रानात आम्ही पाच जण डबा शोधत होतो. नोव्हेंबर महिना, झाडी अजून दाट आणि ओली, जागा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, घळीत. फोन म्हणाला ४ मीटर. दोन पावलं टाकली तर १७ मीटर, तेही उलट्या दिशेला. वर पानांचं छत आणि बाजूला डोंगराची भिंत असली की सिग्नल अडतो, आपटून येतो आणि फोनवरचा ठिपका नुसता भटकत राहतो. मग माणूस काय करतो, तर हातानं शोधतो. आम्ही पाऊण तास पाचोळा उपसला, दगड उलटे केले, झुडपं वाकवली. डबा सापडला तेव्हा खाली पाहिलं, तर रानडुकरांच्या कळपानं उकरावी तशी जमीन झाली होती. ज्या करवंदीच्या जाळीत मी दोनदा हात घातला होता, तिच्यात कोपराच्या उंचीवर चापडा वेटोळं करून बसला होता. साप आपल्या जागी होता, चूक आमची होती. त्या मोसमात असं तिसऱ्यांदा घडत होतं. पुढच्या आठवड्यात त्याच वाटेनं गेलो तर आम्ही पालथे घातलेले दगड तसेच पडलेले, त्यांच्या खालची ओल वाळून गेलेली. मला ते बघवेना.

लेटरबॉक्सिंगमध्ये शब्द तुम्हाला जागेपर्यंत आणतात, आणि शब्द नीट लिहिले तर हात एकाच ठिकाणी घालावा लागतो. माझा एक क्लू असा आहे: ‘मारुतीच्या पारापासून व्हाळाच्या वरच्या अंगानं चाला. दुसऱ्या साकवावर उभं राहून मागं बघा. बसलेल्या म्हशीसारखा कातळ दिसेल. तिच्या शेपटीकडं खोबण आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आधी काठीनं चाचपा.’ आजवर तिथं गेलेल्यांपैकी कुणीही पाचोळा उपसलेला मला दिसला नाही. लोक साकवावर थांबतात, मागं बघतात, म्हैस ओळखतात आणि सरळ जातात. फोन खिशात असल्यामुळं वाटेतली हरणटोळही दिसते, शेकराचं घरटंही दिसतं.

हा खेळ मूळचा इंग्लंडमधल्या डार्टमूरचा. १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्यानं तिथल्या क्रॅनमियर पूलपाशी एक बाटली ठेवली, येणाऱ्यांनी तिच्यात आपलं कार्ड टाकावं म्हणून. पण डार्टमूर म्हणजे बहुतांशी उघडं माळरान. लांबचे दोन-तीन सुळके दिसतात, त्यांच्यावर होकायंत्र धरून जागा सांगता येते. आपल्याकडं दहा पावलांपलीकडचं झाड दिसलं तरी पुष्कळ. म्हणून तिकडच्या पद्धतीचे अंशांचे क्लू उचलू नका. आपल्या रानात वळण, साकव, कातळ आणि देवळाची पायरी यांवरच क्लू उभा राहतो.

झाडावर विसंबू नका, हेही मी अनुभवानं सांगतो. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा एक जुना ऐन धरून मी पहिला क्लू लिहिला होता. जुलैच्या पावसात तो आडवा झाला आणि डबा चार महिने कुणालाच मिळाला नाही. इथं जिओकॅशिंग सरस आहे हे मान्य करायला हवं, कारण झाड पडलं म्हणून अक्षांश-रेखांश बदलत नाहीत. क्लूचं तसं नाही. दर पावसाळ्यानंतर जाऊन तो पुन्हा चालून बघावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर लेटरबॉक्स ठेवूच नये, नुसते शोधावेत.

भाषेची अडचण वाटली होती तेवढी निघाली नाही. आम्ही प्रत्येक क्लू दोन्ही भाषांत लिहितो. आमचा व्हाळ कन्नडमध्ये ‘हळ्ळ’ होतो. उच्चार इतका जवळचा की पहिल्यांदा दोन्ही बाजूंच्या पोरांना ती एकमेकांच्या लिहिण्यातली चूकच वाटली. हा क्लू लिहायला एकत्र बसणं मला आता शोधण्याइतकंच आवडतं.

ओलीचा त्रास दोन्हीकडं सारखाच. रबराची कड असलेला, चार बाजूंनी खटके बसणारा डबा घ्या आणि वही वेगळ्या पिशवीत ठेवा. पहिल्या वेळी मी कुंदा मिठाईचा रिकामा डबा धुऊन वापरला होता. वास पुरता गेला नव्हता, माकडांनी झाकण चावून फोडलं. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, तेव्हा खाण्याच्या वस्तूंचा डबा नकोच. शिक्क्याची शाई पिगमेंटची घ्या, साधी शाई पहिल्याच सरीत पसरते.

शिक्का विकत घेऊ नका. खोडरबरावर पातळ पात्यानं कोरता येतो, फक्त अक्षरं उलटी काढायची. माझ्या मुलीनं बारापेडे गुहांमधलं दुर्मीळ वटवाघूळ कोरलं. लोकांच्या वह्यांमध्ये त्याचा ठसा उमटलेला बघताना मला जो आनंद होतो, तो जिओकॅशिंगच्या वहीत नाव आणि तारीख टाकून कधी झाला नाही. कुणाला होतही असेल.

जागेचे नियम मात्र दोन्हीला एकच. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि काही ठेवून तर मुळीच यायचं नाही. गडाच्या बुरुजाचा दगड सरकवू नका. मालकाला विचारून त्याच्या रानात ठेवा, आणि डब्यावर आत काय आहे ते मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहा. बेवारस डबा दिसला की गावकरी घाबरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

तुम्ही गावोगाव फिरत असाल, कामानिमित्त पुण्या-बंगळुरात मुक्काम पडत असेल, तर जिओकॅशिंग घ्या. ते कुठंही चालतं आणि उघड्या जागी चोख चालतं. पण तुमचे रविवार जांबोटी, कणकुंबी, चोर्ला इथंच जाणार असतील, तर माझ्या मते एक खोडरबर आणि शाईचं पॅड घेऊन निघावं. म्हशीच्या कातळातली वही भरत आलीय, दिवाळीनंतर मी नवी ठेवायला जाणार आहे. तोवर जुनीत चार-पाच पानं कोरी आहेत.